मागची दोन चाकं

हत्तुरेबाई आल्या तेव्हा मी अँगल कापत होतो.
ठिणग्या थांबेपर्यंत त्या उन्हातच उभ्या.
मग पर्समधून घडीचा कागद निघाला.
पेन्सिलीनं काढलेली बस, तिच्यामागं दोन चाकांची खाट,
खाटेवर पुढचे पाय टाकून बसलेली
एक छोटी गाडी.
"असं जमेल का, दुडम?"

पंचवीस वर्षं मी माग दुरुस्त केले.
शेडं गप्प होत गेली तसा
गेट, जाळ्या, उसाच्या ट्रॉल्या यांच्यावर आलो.
पण शाळेची मिनीबस कापून आत पलंग, शेगडी, देव्हारा,
आणि तिच्यामागं ओढायला डॉली,
हे अख्ख्या विजापूर रोडला कुणी मागितलं नव्हतं.

मौला म्हणाला, एवढा खर्च कशाला?
ड्रायव्हर ठेवा, मागनं चालवत येईल.
बाई म्हणाल्या, चालवायची नाही.
रेल्वेच्या हिशोबखात्यात आयुष्य गेलेल्या बाई,
एका ओळीत बेरीज संपवतात.

पट्टे पुण्याहून येणार होते, आलेच नाहीत.
मेहुण्याकडं एक अरुंद माग अजून जिवंत आहे,
त्यावर नायलॉन भरून चार पदरी विणून घेतले.
टॉवेलांच्या शहराला एवढं यायलाच पाहिजे.
आरटीओतल्या साहेबानं फॉर्म दोनदा उलटापालटा केला,
वाहन लिहू की सामान?
बाई म्हणाल्या, रिकामं सोडा.

मग मी समजावत बसलो.
पुढची चाकं डॉलीवर, पट्ट्यानं घट्ट.
मागची दोन रस्त्यावर, आपली आपण फिरणार,
म्हणून हँडब्रेक सोडलेला पाहिजे, विसरू नका.
साखळी आडवी घालायची, दिव्यांची वायर वर बांधायची.
पहिल्या दहा किलोमीटरला थांबून पट्टे परत ताणा.
"म्हणजे हत्तूर," त्या हसल्या, "आमच्याच आडनावाचं गाव."
आणि एक लक्षात ठेवा बाई,
हिला रिव्हर्स नाही.
मागं घ्यायला गेलात की डॉली दुमडते, गाडी आडवी होते.
चुकलात तर पुढं जाऊनच वळा.

त्यांनी फक्त एक विचारलं,
पुढची चाकं फिरली नाहीत तर मीटर?
मीटर हलत नाही.
कन्याकुमारीपर्यंत नेलं तरी?
तरी.

काचेतून मी आकडा पाहिला, एकसष्ट हजार चारशे आठ.
आरशाला पुरुषाचा जुना गॉगल लटकत होता.
त्या दिवशी गाडी डॉलीवर ढकलून चढवली नाही,
जॅक लावून उचलली, डॉली खालून सरकवली.
मौलानं विचारलं, हा काय नवा त्रास?
मी म्हटलं, गप, जॅक धर.

पहाटे पाचला निघाल्या.
गती अशी की दूधवालाही पुढं गेला.

हत्तूरहून फोन आला, पट्टे ताणले, एक दात.
दुपारी दुसरा, मंद्रूपहून.
कुणीतरी चुकीचा रस्ता दाखवला,
गल्ली पुढं जाऊन गोठ्यात संपली,
पुढं जाऊन वळायला पुढंच नाही.

नऊ माणसं लागली, म्हणाल्या.
गाडी उतरवली, डॉली सोडली,
गाडी हातांनी मागं मागं ढकलत चौकापर्यंत आणली.
पोरं ओरडत होती, एक म्हातारा उगाच हात दाखवत होता.
मी स्टिअरिंगवर बसले, दुडम, तीन वर्षांनी.

मी विचारणार नव्हतो.
मग मीटर, बाई?

फोनमध्ये कुठल्यातरी शेळीचा आवाज.

मागं गेला हो, त्या म्हणाल्या,
पांढरा आकडा हळूच खाली सरकला.
तुम्ही म्हणाला होता ना, रिव्हर्स नाही म्हणून?

डॉलीला नाही, मी म्हटलं.

मग थोडा वेळ दोघंही गप्प.
इकडं मौला रॉड बदलत होता, तिकडं कुणी चहा विचारत होतं.
आता परत जॅक लावतायत, म्हणाल्या,
मी त्यांना सांगितलंय,
चाक फिरवू नका.